पाणी ऐकणाऱ्या रेक्टरबाई

स्वतःच्या घरात, स्वतःच्या नळाखाली तोंड धुतानासुद्धा मागून कुणीतरी बघतंय असं वाटायला लावणारी व्यक्ती उभ्या मराठवाड्यात एकच, आणि ती म्हणजे आमच्या विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई. मी तिथंच ग्रंथालयात नोकरीला. पडेगावच्या पुढं माळावर हे विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा ‘हरित परिसर’ ही पाटी आधी लागली आणि हिरवळ नंतर. पाटी सगळ्यांनीच वाचली, मनावर घेतली ती एकट्या रेक्टरबाईंनी. ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस लग्नाच्या तिथीसारखा लक्षात ठेवावा लागतो, तिथं पाणी सांडणं हा त्यांच्या लेखी गुन्हा नव्हता, पाप होतं. गुन्ह्याला निदान जामीन मिळतो.

सकाळी न्हाणीघरांच्या बोळात त्या खुर्ची टाकून पेपर वाचत बसत. डोळे बातमीवर आणि कान नळांवर. मधेच पान उलटता उलटता म्हणत, “तिसरं दार, बादली भरली. आवाज बदलला की गं!” आत तिसऱ्या दारामागं नवी आलेली एखादी मुलगी दचकून नळ बंद करी. मॅडमचा कान थेट टाकीला जोडलाय, असं मुली म्हणत. पिण्याचं पाणी शुद्ध करणारं यंत्र पाजतं त्याहून जास्त सांडतं, हे कळलं तेव्हा बाई दोन दिवस त्या यंत्राकडं बघायलाही तयार नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या सांडपाण्याला नळी जोडून त्यांनी मेसच्या मागं कढीपत्ता लावला. पुढं मेसची आमटी किती का पातळ असेना, तिच्यात कढीपत्ता कधी कमी पडला नाही. ग्रंथालयात येऊन त्या रिकाम्या दालनातले दिवे घालवायच्या. “वाचणारा आला की लावा. पुस्तकं काही अंधाराला भीत नाहीत.” एकदा कपाटांमागं मीच होतो. चाचपडत बाहेर आलो तर म्हणाल्या, “तुम्ही होय? मग आवाज द्यायचा ना!”

माझ्या भाच्याच्या लग्नाला गंगापूरला त्यांना बरोबर नेलं, ही माझी चूक. पंगतीत पाण्याच्या अर्ध्या प्यालेल्या बाटल्या पाहून बाईंनी पदर खोचला, आचाऱ्याकडून एक टोप मागून घेतला आणि एकेका पाहुण्यासमोर उभं राहून विचारू लागल्या, “हे पिणार आहात, का झाडाला घालू?” वरपक्षाला वाटलं, वधूकडच्या आहेत. वधूपक्षाला वाटलं, वराकडच्या. त्यामुळं दोन्हीकडचे लोक मुकाट्यानं बाटल्या रिकाम्या करत होते. शेवटी माझ्या मेव्हण्यानं मला गाठून विचारलं, “भाऊजी, या बाई कोण?” मी शांतपणे म्हणालो, “आचाऱ्याकडच्या असतील.” त्याची शरम मला अजून वाटते. बाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “बरं केलंत. आचाऱ्याचं तरी लोक ऐकतात.”

पुढं विद्यापीठानं ठरवलं की आपला हरित विचार गावोगाव न्यायचा. बाईंना पिशोरजवळच्या एका वस्तीवर धाडलं, सोबत मी. शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या. बाईंनी तक्ता टांगला आणि पाणी कसं वाचवावं ते अर्धा तास सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. मग पुढ्यात बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, “बाई, ह्ये तर आमी रोजच करतो. भांडी राखंनं घासायची, धुण्याचं पानी गोठ्यात, न्हाणीचं आळूला. तुमच्यात ह्ये शिकवाया लागतंय व्हय?”

मला हसू आलं, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी तक्ता काढला, त्याची नीट गुंडाळी केली, आणि ओट्यावरून खाली उतरून त्या म्हातारीसमोर मांडी घालून बसल्या. “सांगा आजी,” म्हणाल्या, आणि मुली उतरवून घेतात तसं वहीत लिहायला लागल्या.

महिन्याभरानं विद्यापीठात पर्यावरणाचा मोठा कार्यक्रम होता. मुख्य वक्त्या रेक्टरबाई. त्यांनी कळवलं, मी बोलणार नाही, आजी बोलतील. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारे अधिकारी हादरले. पत्रिका छापून झालेली, कुलगुरू येणार. “निदान त्यांचं शिक्षण तरी सांगा, ओळख करून द्यावी लागते,” ते म्हणाले.

“दुष्काळ,” बाई म्हणाल्या. “लिहा, दुष्काळ. अनेक वेळा.”

“मॅडम, असं केलंत तर हरित समितीत तुमचं नाव राहणार नाही.”

“नावाला पाणी लागत नाही, ते तुम्ही कुठंही ठेवा,” बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एसटीनं जाऊन आजींना घेऊन आल्या.

आजी मंचावर चढल्या, माईक त्यांनी हातानं बाजूला सारला आणि पहिलाच प्रश्न केला, “बाहीर दारात पानी वर उडवलंय, ते कशापायी?” ते कार्यक्रमासाठीच मुद्दाम बसवलेलं कारंजं होतं. सभागृह हसलं. कुलगुरू खाली बघत होते. त्यानंतर आजी घटकाभर बोलल्या आणि एकाही मुलीनं मोबाईल काढला नाही. संध्याकाळी कारंजं बंद झालं ते कायमचं. समितीच्या नव्या यादीत बाईंचं नाव नव्हतं. त्यांनी यादी माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, “कागद पाठकोरा आहे का? द्या इकडं.”

यंदा त्या निवृत्त झाल्या. मुलींनी निरोपाला काय द्यावं यावर खूप खल केला आणि बाईंना वस्तू चालत नाहीत म्हणून शेवटी सगळ्या फाटकापर्यंत नुसत्या चालत आल्या. मी त्यांना स्कूटरवरून स्टॅंडवर सोडायला निघालो. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी कोण कोण असतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. वाटेत विचारलं. पुण्याला एक भाची आहे, बस्स, म्हणाल्या. एसटी लागल्यावर मी त्यांना आत जागेवर बसवलं, तेव्हा पिशवी माझ्या हातातून घेताना म्हणाल्या, “आता सकाळी उठून रागवायचं कुणावर हो?”

“आमच्याकडं या,” मी म्हणालो. “आमच्या घरात पुष्कळ चुका होतात.”

“येते की,” त्या म्हणाल्या, आणि बहुधा प्रथमच मी त्यांना खिडकीकडं तोंड फिरवताना पाहिलं.

अजून काही आल्या नाहीत. परवा भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा चालू दिसला म्हणून मी घालवायला गेलो, तर बायको म्हणाली, “राहू द्या. बाई आल्या तर रागवायला काहीतरी नको का?”