तिकिटामागची बाकी

घर सोडलं त्या पहाटे माझ्या वडिलांनी मला तिकीट फाडून दिलं. आटपाडीहून वाशीला येणारी लाल गाडी होती आणि गाडीवर कंडक्टर आण्णाच होते, म्हणजे माझे वडील. ती ड्युटी त्यांनी डेपोत शब्द टाकून मागून घेतली होती. एसटीवाल्यांच्या घरच्यांना पास मिळतो, पण तो ठरावीक दिवसांचा, आणि त्या वर्षीचा पास आईनं लग्नंबारशी करत कधीच संपवला होता. आण्णा चिमट्यानं दांडीवर टकटक करत मागं आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि कुठल्याही प्रवाशाला विचारावं तसं म्हणाले, "कुठं?"

मी म्हटलं, "वाशी."

शेजारच्या बाईला पत्ताही लागला नाही की ही बापलेक आहेत. मला त्या वेळी त्यांचा रागच आला होता. पोरगी घर सोडून निघालीय, जरा डोळे भरून आले असते तर एसटीचं काय बुडणार होतं?

आईनं दिलेली नोट मी पुढं केली. आण्णांकडे सुट्टे नव्हते. असं झालं की कंडक्टर काय करतो ते लाल गाडीनं फिरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतो, उतरताना तिकीट दाखवायचं आणि पैसे मागून घ्यायचे. आण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्या तिकिटामागं बाकी लिहिली आणि पुढच्या सीटकडे वळले.

वाशीला गाडीचा मुक्काम असायचा. आण्णा माझी ट्रंक उचलून घणसोली गावात आले. ओळखीच्या ओळखीतून एक खोली मिळाली होती, गावठाणात, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या बोळात. घरमालकीण गोदाआई दारातच बसल्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "कोन गो तू? कोनाची?" आण्णांनी नाव, गाव, तालुका सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "बरा, ऱ्हा. मी हाय ना."

आण्णा निघाले तेव्हा मी तिकीट पुढं केलं. बाकी मागायला नव्हे, खरं तर त्यांनी आणखी दोन मिनिटं थांबावं म्हणून. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि मला परत दिलं.

"ऱ्हाऊ दे बाकी. न्यायला ये गावाकडं," ते म्हणाले. मग बोळाच्या तोंडाशी गेल्यावर वळून म्हणाले, "हितं तुला कोण वळखत न्हाय. जपून ऱ्हा."

गावाकडच्या माझ्या माणसांनो, तुम्ही दर दिवाळीला विचारता की तुला तिकडं करमतं कसं. आणि माझ्यासारखेच निघून आलेले तुम्ही तर विचारतसुद्धा नाही, कारण तुम्हाला माहीत आहे. आण्णांचं ते शेवटचं वाक्य आपल्या सगळ्यांच्याच पाठीला चिकटून शहरात येतं. गावात मी कंडक्टरची पोरगी होते. वाण्याच्या दुकानात गेले तर पैशाआधी माल हातात पडायचा. इथं पहिल्या महिन्यात दूधवाल्यानं एक पिशवी दूध उधार दिलं नाही. त्याचं चुकलं असं नाही. मी होते कोण?

नोकरी एपीएमसी मार्केटमध्ये होती, कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर. गाळ्यावर हिशेब बघणाऱ्याला मेहताजी म्हणतात आणि मेहताजी म्हणजे पुरुषच, असा सगळ्यांचा समज. मी साडी खोचून त्या जागेवर बसले तेव्हा पोती वाहणारे माथाडी थबकून बघायचे. वर्षभरात ते मला मेहताजीताई म्हणायला लागले. कांद्याच्या धुळीनं डोळे चुरचुरायचे, संध्याकाळी केस विंचरले तर फणीला टरफलं लागायची. पण काम मला आवडलं. मला ते येतही होतं, हे आता या वयात लाजत कशाला सांगू.

सुट्ट्यांची ओढाताण तिथंही होतीच. शेठ म्हणायचे, "जाऊ दे ना, राउंड करून टाक." मला ते जमायचं नाही. मी गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीमागं बाकी लिहून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, कधीही तो आला की आधी ती बाकी त्याच्या हातावर ठेवायचे आणि मग नवा माल. हे कुठून शिकले याचा मी कधी विचारही केला नव्हता.

दिवस पालटले. जुईनगरला सिडकोचं वन-रूम-किचन घेतलं, शेठच्या गाळ्यावर कॉम्प्युटर आला, तो मीच चालवायला लागले. आणि नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा एके दिवशी एका बँकेची टाय लावलेली मुलगी गाळ्यावर येऊन मला क्रेडिट कार्ड देऊन गेली. त्यावर माझं नाव उठावदार अक्षरांत होतं. बोट फिरवलं की नाव बोटाला लागायचं. मी ते कितीदा चाचपलं असेन! मला वाटायचं, हे घ्या, आता मला ओळखतात. दुकानात गेलं, कार्ड दिलं, यंत्रातून चिठ्ठी आली, सही केली, माणूस हसून "थँक्यू मॅडम" म्हणाला. कुणाची मुलगी, कुठला तालुका, काही नाही. पर्समध्ये नोटा ठेवायची माझी सवयच गेली.

आण्णांची निवृत्ती आली. शेवटच्या ड्युटीला त्यांनी पुन्हा वाशीचीच गाडी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी गाडी परत आटपाडीला गेली की डेपोत नारळ, शाल, फेटा होणार होता. पण त्याआधीचा हा एक दिवस माझा होता. मी ठरवलं, आण्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना वाशीतल्या एसी हॉटेलात जेवायला घालायचं आणि त्या दिवशी त्यांना खिशात हात घालू द्यायचा नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याला तिकीट फाडून दिलं, आज त्यांना सगळं फुकट. पर्समध्ये होते नव्हते ते पैसे मी गाडीला घालायचा हार आणि आण्णांची शाल घेण्यात घालवले. टेन्शन नव्हतं. कार्ड होतं.

दुपारी गाडी आली. आण्णा, ड्रायव्हर साळुंखेमामा आणि मुक्कामालाच असलेल्या दुसऱ्या गाडीचे दोघं, असे चार खाकीवाले मी त्या काचेच्या दारातून आत नेले. दरवान दार उघडायला लागला तेव्हा साळुंखेमामा मागं सरले, त्यांना वाटलं कुणीतरी बाहेर येतंय. आम्ही पोटभर जेवलो. आण्णांनी पैशांची कातडी पिशवी मांडीवरून हलवली नाही. रोटी तोडतानासुद्धा एक हात तिच्यावर. वाशीत पैसे भरायची सोय नव्हती, ते परत डेपोत जाऊनच भरायचे.

बिल आलं. मी पर्समधून कार्ड काढून तबकात ठेवलं. चौघंही बघत होते. "ह्येच व्हय त्ये?" साळुंखेमामा म्हणाले, आणि माझी छाती फुगली.

जरा वेळानं मॅनेजर स्वतः आला. कार्ड तबकातच होतं. "मॅडम, सॉरी. लाइन डेड आहे. बाहेर रोड खोदलाय ना, केबल कट झाली. मशीन डायलच नाही करत."

"मग जुन्या मशीनवर घासून घ्या. कार्बनवाल्या."

"घेतलं असतं, पण एवढ्या बिलाला बँकेला फोन करून अप्रूव्हल लागतं. फोनच बंद, तर विचारणार कुणाला?"

आले मी, म्हणत मी उठले. समोरच्या चौकात बँकेचं एटीएम होतं. काचेच्या खोलीत पडद्यावर एकच ओळ, सेवा उपलब्ध नाही. ते यंत्रही त्याच केबलवर जगत होतं. रविवार, बँक बंद. रस्त्यात खड्ड्याशी टेलिफोनचे दोन कामगार आत डोकावून बघत उभे होते, त्यांना मी विचारलं, किती वेळ? ते म्हणाले, "उद्या बघू ताई." माझ्या नावाची ती उठावदार अक्षरं तशीच होती. फक्त कुणी वाचणारं नव्हतं.

परत आले तेव्हा टेबलावर सगळ्यांना प्रकार कळला होता. साळुंखेमामा आणि ते दोघं खिसे चाचपत होते, पण ड्युटीवरच्या माणसाच्या खिशात असणार किती? कंडक्टरला तर निघताना स्वतःजवळचे पैसे लिहून द्यावे लागतात, म्हणून आण्णा जन्मभर चहापाण्यापुरतेच जवळ ठेवायचे. शेवटी साळुंखेमामा दबक्या आवाजात म्हणाले, "आण्णा, पिशवीतनं काढा की. उद्या भरायच्या आत पोरगी आणून दील."

आण्णांनी पिशवीवर दुसराही हात ठेवला. "ही माझी न्हाय," ते म्हणाले. बस, एवढंच. मला रडू येत होतं, लाजेनं नव्हे, संतापानं. या माणसानं एवढ्या वर्षांत एका तिकिटाचा घोळ केला नाही आणि शेवटच्या ड्युटीला त्याला माझ्यामुळं हॉटेलात अडकून बसावं लागत होतं.

मॅनेजर वाईट नव्हता. त्याची पण नोकरी होती. त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "मॅडम, इथे तुम्हाला कोण ओळखतं?"

मी आण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. घणसोलीच्या बोळातलं त्यांचं वाक्य त्यांनाही आठवलं असणार, त्यांचा चेहरा मला वाचता येत होता. मी म्हटलं, "कांदा मार्केटात कुणालाही विचारा. मेहताजीताई म्हणून विचारा."

आवाज जरा जास्तच चढला असावा. कारण किचनच्या दारातून एक जण मान बाहेर काढून बघायला लागला आणि एकदम पुढं आला. शंकर. हॉटेलचं सामान भरायचं काम त्याच्याकडे होतं, रोज सकाळी टेम्पो घेऊन तो आमच्या गाळ्यावर यायचा. हॉटेल कुठलं, ते मी कधी विचारलं नव्हतं. माल, चिठ्ठी, बाकी, एवढंच आमचं बोलणं.

"साहेब, काय करताय? या आपल्या ताई आहेत!" तो मॅनेजरला म्हणाला. "आमी कांदा यांच्याच गाळ्यावरनं उचलतो. सगळ्या मार्केटात सुट्टे नाय तर नाय, पैसे गेले. या एकट्या चिठ्ठीमागे लिहून देतात. मी विसरलो तरी या बोलावून देतात. यांना कशाला थांबवता? माझ्या पगारातून कापा, नाय आल्या तर."

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मग शंकरकडे. मग त्यानं बिल उलटं केलं, खिशाचं पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला रक्कम लिहून पुढं लिहिलं, 'मेहताजीताई, बाकी'. मला सही मागितली नाही. कार्ड मात्र आदरानं दोन्ही हातांनी परत दिलं.

"दाखव," आण्णा म्हणाले. आयुष्यभर माणसांची तिकिटं तपासली त्या नजरेनं त्यांनी ते बिल दोन्ही बाजूंनी बघितलं. चिठ्ठीमागं बाकी लिहायची माझी सवय त्यांना मी कधी सांगितली नव्हती. ती मला कुठून लागली, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मग ते साळुंखेमामांकडे वळले आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "बघा. माझ्या पोरीला हितं वळखत्यात."

मला आजवर मिळालेलं सर्टिफिकेट एवढंच. डिग्रीचं कुठं ठेवलंय ते शोधावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठकडून उचल घेऊन मी हॉटेलात जाऊन पैसे दिले, मॅनेजरनं बाकीवर काट मारली आणि चहा पाजला. तिथून थेट स्टँडवर गेले. गाडीला हार घातलेला होता. आण्णा दारात उभे होते, शाल खांद्यावर, पिशवी गळ्यात. मला बघून त्यांनी सदऱ्याच्या वरच्या खिशात हात घातला आणि काही नाणी काढली. स्वतःची, लिहून दिलेली.

"तुझी बाकी," ते म्हणाले. "आज ड्युटी संपती. कुणाचं काय माझ्याकडं ऱ्हायला नगं."

तिकीट माझ्याकडे होतं की नव्हतं, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांना रक्कम पाठ होती. मला हुंदका आवरेना. मी त्यांची मूठ मिटली आणि म्हटलं, "राहू दे आण्णा. द्यायला या जुईनगरला."

ते आले. दर वर्षी आले. प्रवासी म्हणून, खिडकीशी बसून, ताठ मानेनं. दारात चपला काढतानाच म्हणायचे, "बाकी द्याय आलोय." आमच्या सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा ते वाक्य पाठ झालं होतं. आठवडाभर राहायचे, माझ्याबरोबर गाळ्यावर यायचे, माथाडींशी गावाकडच्या गप्पा मारायचे, शंकर त्यांना वाकून नमस्कार करायचा. आणि निघताना बाकी द्यायचं नेमकं विसरायचे. मीही आठवण केली नाही.

आता आण्णा नाहीत. पर्समध्ये कार्डं आहेत, यंत्रं आहेत, पुष्कळदा ती चालतात आणि ती मला आवडतात. बंद पडली तरी आता घाम फुटत नाही. वाशीत, जुईनगरात, घणसोलीच्या त्या बोळात माझी बाकी लिहून घेणारी माणसं आहेत आणि ती मी जोडलेली आहेत.

पण गाव सुटलं ना तुझं, असं कुणी म्हटलं की मी भांडायला उठते. सुटेल कसं? माझी बाकी आहे तिकडं. आण्णांनी ती दिली नाही, मी घेतली नाही. फिटली असती तर मी खरंच घर सोडलं असतं.