चेनमावशी आणि बावीस सह्या

तिला सगळं मार्केट मावशी म्हणायचं. तिथल्या एकाचीही आई तिची बहीण नव्हती, पण नातं पक्कं बसलं होतं. कामावरून म्हणायचं तर चेनमावशी. बॅग असो, जॅकेट असो की उशीचा अभ्रा, ज्याची म्हणून चेन अडते ते सगळं शेवटी तिच्याकडेच यायचं. दुकान जिन्याखाली आणि एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की मावशीला शिलाई मशीनच्या मागे सरकावं लागायचं. भिंतीवर बरण्यांतून चेनीचे रनर भरलेले: पितळी वेगळे, प्लॅस्टिकचे वेगळे, आणि एका बरणीत 'याचं काय करायचं देव जाणे' असे.

एकोणीस वर्षांपूर्वी ती हातगाडीवर मशीन घालून आली, तेव्हा पहिला आठवडाभर मार्केटने नुसतं पाहून घेतलं. तिची उंची पाहिली, खांदे पाहिले, आवाज ऐकला. दुसऱ्या आठवड्यात तेव्हाच्या अध्यक्षांच्या बायकोची पर्स अशी अडली, की घराच्या किल्ल्या आत आणि बाई बाहेर. मावशीने चेनीला मेणबत्ती घासली आणि दोन मिनिटांत पर्स उघडून दिली. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही आणि मावशीने काही सांगितलं नाही. या न विचारण्याचा तिला भारी अभिमान होता. "आपण कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणायची, आणि मग कुणाच्या सुनेचं कुणाशी बिनसलंय ते सविस्तर सांगायची.

हे तिला कळायचं, कारण बायकांच्या टॉयलेटची किल्ली तिच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असायची. सकाळी सगळ्यांच्या आधी तीच यायची आणि फिनेलही तीच आणायची. किल्ली मागायला आलेली बाई पाच मिनिटं टेकून, बोलून, मग जायची. घाई असेल तर येताना टेकायची.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या कुरियर ऑफिसात एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी लागली. मार्केटने आठ दिवसांत तिचं नाव रेडिओ ठेवलं, कारण ती वर पार्सलांवरचे पत्ते वाचायची आणि ते खाली ऐकू यायचे. जॅकेटची चेन बदलायला ती मावशीकडे आली, तिला एकदा नीट पाहिलं, आणि परगावी शेजारीण भेटावी तसा तिचा चेहरा उजळला.

"मावशी, म्हणजे आपण दोघी..."

"हळू," मावशी म्हणाली. "चेन पितळी हवी की प्लॅस्टिकची?"

त्या दिवसापासून दोघींचे डबे एकत्र उघडू लागले. रेडिओ कुठल्याशा संघटनेत होती. निवेदनं द्यायची, सभांत बोलायची. 'पारलिंगी' म्हणायची, 'दृश्यता' म्हणायची.

"हे शब्द कुठल्या दुकानात मिळतात गं?" मावशी विचारायची. "मी जन्मभर 'मावशी' एवढ्या एका शब्दावर भागवलं."

"भागवलंस ना? म्हणजे कमीच पडला असणार."

यावर मावशी आपल्या डब्यातला मोठा वाटा तिच्याकडे सरकवायची. तोंडात घास असेपर्यंत तरी शांतता.

एका शनिवारी रेडिओचं एका मोठ्या हॉलमध्ये भाषण झालं. सोमवारी पेपरात फोटो आला, आणि फोटोखाली तिचं वाक्य: 'आमच्या मार्केटमध्ये आम्ही दोघी आहोत, आणि दोघींनाही ताठ मानेने जगायचं आहे.' यातली दुसरी कोण, हे सांगायला ज्योतिषी लागणार नव्हता.

गंमत अशी, की माहीत सगळ्यांनाच होतं. पण माहीत असणं वेगळं आणि छापून येणं वेगळं. माहीत असलेल्या गोष्टीवर पांघरूण घालता येतं. छापलेल्या गोष्टीवर मत द्यावं लागतं, आणि मत द्यायला मार्केटला फार आवडायचं.

गुरुवारी जिन्याच्या भिंतीवर नोटीस लागली. महिलावर्गाच्या तक्रारीवरून टॉयलेटची किल्ली यापुढे अध्यक्षांच्या दुकानात राहील, ती फक्त महिलांनी मागावी. 'फक्त'च्या खाली दोन रेघा, आणि त्याखाली बावीस सह्या. मावशीने चष्मा पुसून एकेक सही वाचली. अकरावी सही चष्म्याच्या दुकानातल्या वहिनींची होती. मावशीच्या नाकावरचा चष्मासुद्धा त्यांनीच बसवून दिलेला.

दुपारी रेडिओ डबा घेऊन आली, तेव्हा मावशीने आपला डबा उघडलाच नाही.

"एकोणीस वर्षं मी इथे तोंड मिटून जम बसवला. तू एका शनिवारी त्याचा चुराडा केलास."

"मी केला? सह्या त्यांनी केल्यात!"

"तू बोललीस म्हणून केल्या!"

"मी बोलले नसते तर त्यांच्या मनात आलंच नसतं?"

"मनात काय वाटेल ते येऊ दे. मनातून टॉयलेटला कुलूप लागत नाही!"

रेडिओ डबा उचलून गेली. त्या दिवशी वरून एकही पत्ता ऐकू आला नाही. मार्केटमध्ये सगळ्यांना चुकल्यासारखं झालं, पण तसं कबूल कोण करणार?

हल्लीचे अध्यक्ष गादीवाले होते. दुकानात बसायला गाद्याच गाद्या, त्यामुळे त्यांची कुठलीही बैठक लवकर उठत नसे. आता बायकांना किल्लीसाठी त्यांच्यापुढे जाऊन उभं राहावं लागे. ते मान खाली घालून, जणू बँकेची तिजोरी देतोय अशा गांभीर्याने किल्ली देत. एक ते तीन ते मालाची प्रत्यक्ष तपासणी करत, म्हणजे झोपत. त्या वेळात बायकांनी काय करायचं याबद्दल नोटीस गप्प होती. फिनेल आणायचं कुणी, याबद्दलही. पंधरा दिवसांत त्या टॉयलेटची अशी दशा झाली, की सह्या केलेल्या बायकाच नाकाला रुमाल लावून एकमेकींना दोष देऊ लागल्या.

मावशीने किल्ली मागितली नाही. सकाळी घरून निघताना पाणी पिणं बंद केलं, ते संध्याकाळी घरी जाईपर्यंत. तीन आठवड्यांनी ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरीणबाई रागावल्या, "पाणी का पीत नाही तुम्ही?" मावशी म्हणाली, "विसरते." गप्प राहण्याची सवय अशी, की डॉक्टरपुढेही तोंड उघडेना.

औषधं घेऊन ती परत दुकानात बसली, त्याच दिवशी वहिनी आल्या. हातात बॅग होती. चेन अडलेली होती खरी, पण एवढी, की कुणाही शहाण्या माणसाला घरी सोडवता आली असती.

"मावशी, मी सही केली."

"दिसली. अक्षर सुंदर आहे तुमचं."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "अध्यक्ष म्हणाले, सगळ्यांनी केली. आणि खरं सांगू? इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून मला कधी विचारच करावा लागला नाही. कागद पुढे आला आणि मी घाबरले. कशाला घाबरले, ते अजून कळत नाही."

"म्हणजे त्या मुलीने बोलायला नको होतं."

वहिनींनी पदराने डोळे टिपले. "तेही नाही म्हणता येत. असा कागद आधीही एकदा निघाला होता. ती यायच्या आधी."

मावशीच्या हातातला रनर खाली पडला.

तीन वर्षांपूर्वी पुढच्या रांगेतलं एक दुकान रिकामं झालं होतं. मावशीने अर्ज केला होता, आणि ते कुणाच्या तरी पुतण्याला द्यायचं ठरलंय असं तिला सांगण्यात आलं होतं. पुतण्या अजून आला नव्हता. दुकान बंदच होतं. तेव्हाही कागद फिरला होता: मावशीला दर्शनी दुकान नको, मार्केटची शोभा जाते. "आम्ही काही जणींनी तो फाडायला लावला," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, बिचारी कुणाला त्रास देत नाही, कशाला तिच्या कानावर घालायचं? दुकान तेवढं देऊ नका."

मावशीने बॅग मोकळी करून दिली. वहिनी गेल्यावर ती मनाशी हिशेब मांडू लागली. आपण गप्प होतो म्हणून तो कागद फाटला, हे खरं. आपण गप्प होतो म्हणूनच दुकान गेलं आणि वर कळलंही नाही, हेही तितकंच खरं. तिला वाटलं होतं, दोघींपैकी एकीचंच चुकत असणार आणि ती म्हणजे रेडिओ. आता हिशेबच जुळेना.

दुसऱ्या दिवशी गुडघे धरत ती दोन मजले चढली. रेडिओ पार्सलांच्या ढिगात बसली होती. मावशीने सगळं सांगितलं.

"बघ! मी म्हणत नव्हते?" रेडिओ उडालीच.

"पण तो फाडला गेला, मी गप्प राहिले म्हणून. तुझ्या वेळचा कागद भिंतीवर लागला."

रेडिओने हातातलं पार्सल बाजूला ठेवलं. मग खाली बघत म्हणाली, "मावशी, मी बोलले ते मागे घेणार नाही. पण 'दोघी' म्हणायला नको होतं. त्यातली दुसरी तू होतीस. तुला विचारायला हवं होतं."

"हवं होतंच," मावशी म्हणाली. "आणि मला पाणी दे. चढून घसा सुकलाय."

पुढच्या सोमवारी गाद्यांवर मार्केटची बैठक भरली. रेडिओने सात पानांचं भाषण लिहिलं होतं. मावशीने त्याचं एक पान केलं. 'संरचनात्मक' हा शब्द तर तिने कापड कापावं तसा उडवला. रेडिओने कुरकुरत ते एक पान वाचलं. मग मावशी उठली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, आणि ते लगेच कळलंही.

"पेपरात आलं ते... म्हणजे मी तशीच आहे. तुम्हाला माहीतच आहे. किल्ली कुणाकडेही ठेवा. पण टॉयलेटला मी जाणार. एकोणीस वर्षं जातेय. माझ्याबद्दल कुणाची काही तक्रार असेल तर आत्ता, तोंडावर सांगा."

दोन-तीन माना खाली गेल्या. मग मागून एक दबका आवाज आला, "माझी प्रवासाची बॅग बारा दिवस झाले तुमच्याकडे आहे."

आधी वहिनी हसल्या, मग बाकीचे. सगळे हसले असं नाही. कोपऱ्यातल्या दोघी उठून गेल्या, त्या पुन्हा मावशीकडे कधी आल्या नाहीत. जिन्यावर समोरून आल्या, की पोरांना कडेला ओढून घेत. अध्यक्षांनी 'विचार करू' म्हटलं आणि किल्ली वहिनींकडे दिली. मावशीकडे ती परत आली नाही. नोटीस कुणी काढली नाही; तिच्यावर रंगकामाची जाहिरात चिकटली.

तिच्या गप्पांचं गिऱ्हाईक तुटलं, याचा मावशीला सगळ्यात जास्त राग. किल्लीच्या निमित्ताने कळणारी मार्केटची खबरबात आता वहिनींना कळायची, आणि वहिनींना नीट सांगताही येत नसे. रेडिओशी तिची भांडणं रोज डब्यावर व्हायची. "तू बोललीस म्हणून झालं," "तू बोलत नव्हतीस तेव्हाही होत होतं," आणि पुन्हा पहिल्यापासून.

पावणेदोन महिन्यांनी एका दुपारी एक अनोळखी गृहस्थ दारात उभे राहिले. वरच्या खिशाला पेन, पायांत पॉलिश केलेले बूट. त्यांनी एक शाळेचं दप्तर पुढे केलं. मावशीने चेन वर-खाली करून पाहिली. लोण्यासारखी चालत होती.

"याला काहीच झालेलं नाही."

"हो," ते म्हणाले. पण गेले नाहीत. बरण्यांकडे बघत राहिले. "पेपरात त्या बाईंनी म्हटलं होतं... या मार्केटमध्ये... त्या तुम्हीच का?"

मावशीने सवयीने आधी बाहेर पाहिलं. मग म्हणाली, "हो, मीच."

"माझा मुलगा... म्हणजे मुलगी. तेरा वर्षांची. मला अजून नीट म्हणता येत नाही."

मावशी मशीनच्या मागे सरकली आणि स्टुलावरचे कपडे उचलले.

"येईल म्हणता," ती म्हणाली. "बसा आधी."