व्हाइसरॉयचं अक्षर

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. नालवाडीत आमच्या घरी रेडिओ होता आणि शेजारचे खादी घालणारे काका रोज संध्याकाळी कापसाचे भाव ऐकायला येत. आपल्या प्रत्येक रेडिओ केंद्राच्या खुणेची अक्षरं 'व्ही यू' अशी सुरू होतात, हे मी वाचलं होतं. काकांनी त्यांचा अर्थ विचारला. मला तो ठाऊक नव्हता. पण मी शाळेत विज्ञान शिकवायचो. "व्ही म्हणजे व्हाइसरॉय," मी ठोकून दिलं.

काका उठले. "त्याच्यापायी जेलात गेलतो मी. आता त्याच्याच नावाचा डबा आयकू काय?"

ते यायचे बंद झाले. रस्त्यात दिसले की मी नजर चुकवायचो. वर्षभराने एका पुस्तकात खरं सापडलं : देशोदेशींच्या सरकारांनी अक्षरं वाटून घेतली आणि ही जोडी आपल्या वाट्याला आली. व्हाइसरॉयचा काही संबंध नव्हता. मी तसाच काकांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं.

"मंग मास्तर, 'मालूम नाई' हे तवाच काऊन नाई सांगतलं?" म्हणत त्यांनी टोपी घातली. "चला, भाव सुरू झाले असतील."

वर्गात आता मी 'मला ठाऊक नाही' हे ताठ मानेने सांगतो. त्यांचं ते वर्ष मात्र माझ्याकडून भरून निघालं नाही.