कानवाल्यांनी यादी पुसली त्या दिवशी

कानवाल्यांना स्वतःचं नाव नव्हतं असं नाही, पण ते आता फक्त बँकेच्या कागदांवर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते कानवाले. ज्यांना ऐकू येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, कानात यंत्र बसवायचं, ते लॅपटॉपला जोडून त्याचा आवाज त्या माणसाच्या कानाप्रमाणे लावून द्यायचा, हा त्यांचा धंदा. सव्वीस वर्षं केला. आणि या सव्वीस वर्षांत मिशी अशी झुबकेदार वाढवली, की ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ओठसुद्धा दिसू नयेत! हे त्यांच्या लक्षात आणून दिलं मावशींनी, म्हणजे अकरा वर्षांपासूनच्या त्यांच्या एका गिऱ्हाइकाने. "तुम्ही बोलता तेव्हा नुसती मिशी हलते," त्या एकदा खणखणीत आवाजात म्हणाल्या होत्या. "मी काय मिशी वाचू?" कानवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं. मिशी राहिली. माणसाला अभिमान वाटावा असं काहीतरी हवंच की हो.

दुसरा अभिमान पासवर्डांचा. यंत्र लावायच्या सॉफ्टवेअरला दर वेळी इंटरनेट लागे. लॅपटॉपचं झाकण मिटलं की ते तुम्हाला बाहेर हाकलणार, आणि पुढच्या घरी पुन्हा आत घ्यायला नेट मागणार. म्हणून कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की तिथलं वायफाय लॅपटॉपला जोडून घ्यावं लागे. तर कानवाल्यांचा नियम असा, की लॅपटॉप घरच्या माणसापुढे सरकवायचा, "पासवर्ड तुम्हीच टाका" म्हणायचं, आणि आपण उठून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. "अहो बघा की, त्यात काय एवढं," असं लोक म्हणत. "छे छे! लोकांच्या घरची किल्ली आपण बघत नसतो," असं कानवाले भिंतीला सांगत. एकदा जोडलं की लॅपटॉप ते लक्षात ठेवी आणि पुढच्या भेटीत आपला आपण जोडला जाई. अशी एकशे त्रेसष्ट घरं त्यात साठली होती आणि एकाही घराचा पासवर्ड कानवाल्यांना ठाऊक नव्हता. कुणाच्या भिंतीला कुठे ओल आलीय ते विचारा, तोंडपाठ.

त्या सोमवारी सकाळी नऊ वाजता दुकानात बसून कानवाले लॅपटॉपवर वैतागले होते. तो हल्ली नेटवर्क शोधायलाच पाच मिनिटं घेई. कंपनीचं पत्रकही आलं होतं, की लॅपटॉपमध्ये जतन झालेली जुनी, बिनकामाची नेटवर्कं काढून टाकावीत. कानवाल्यांना आवराआवरीची भारी हौस. त्यांनी सेटिंग उघडलं, यादी काढली आणि एकेका नावावर 'विसरा' दाबायला लागले. हे आजोबा गेले, विसरा. या बाई मुलीकडे राहायला गेल्या, विसरा. हे तर दोघंही गेले. तीसेक नावं झाली तेव्हा बोट दुखायला लागलं आणि, खोटं कशाला बोला, छातीतही जरा जड झालं. तेवढ्यात त्यांना आठवलं, की सगळी यादी एका झटक्यात पुसायची आज्ञेची एक ओळ असते. ती त्यांनी शोधून काढली. जिवंत लोकांचं काय? अहो, जिवंत माणसाला आपल्या घरचा पासवर्ड माहीत असतो! गेलो की पुन्हा टाकून घेऊ. काळ्या खिडकीत ती ओळ त्यांनी एका बोटाने टाइप केली, दाबलं, आणि यादी कोरी करकरीत झाली. कानवाले खुर्चीत मागे रेलले. एवढं समाधान त्यांना स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं.

सव्वादहाला दुकानातला फोन वाजला. पलीकडे मावशी. मावशी फोनवर कधी संवाद करत नसत, घोषणा करत. "कानवाले! उजवं यंत्र बंद पडलंय! पार मेलंय! ताईचा पावणेबाराला फोन यायचाय! बाराला तिला आत नेणार! लगेच या!" आणि खाडकन ठेवून दिला. ठेवणारच. उत्तर ऐकू येणार नव्हतं, तर थांबून करायचं काय?

कानवाल्यांना सगळं ठाऊक होतं. मावशींची मोठी बहीण, मावशींहून सात वर्षांनी मोठी, दूरच्या शहरात. तिच्या घशात गाठ निघाली होती. आज ऑपरेशन. आवाजाची पेटीच काढून टाकणार होते. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता, कायमचा. मावशींचा डावा कान कधीच गेलेला, उजव्यात यंत्राशिवाय फक्त गुंई. म्हणजे पावणेबाराच्या फोनवर ताईचा आवाज ऐकला तर ऐकला, नाहीतर जन्मात पुन्हा नाही. कानवाल्यांनी नवं यंत्र पेटीत टाकलं, लॅपटॉप मिटून पिशवीत घातला आणि धावत सुटले. वाटेत स्वतःवर खूशही होते, की बरं झालं, आजच लॅपटॉप साफ केला, झटपट चालेल.

मावशींचं घर तळमजल्यावर, दोन उंच इमारतींच्या मध्ये दाबलेलं. तिथे मोबाइलला एक दांडी येई, तीही खिडकीतून हात बाहेर काढून उभं राहिलं तर. म्हणून मावशींकडे अजून तारेचा फोन होता आणि त्याच तारेवर वायफाय. मावशी फोनशेजारी खुर्ची ओढून, पदर खोचून बसल्या होत्या, जणू फोन पळून जाणार आहे. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. कानवाल्यांनी नवं यंत्र त्यांच्या कानात बसवलं, पण लॅपटॉपवरून आवाज लावून देईपर्यंत ते मुकंच, म्हणून लॅपटॉप उघडला आणि वाट बघत राहिले. तो काही जोडला जाईना. मग सकाळचा सगळा पराक्रम एकदम आठवला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

टेबलावर मावशींची लिहायची पाटी असे. कानवाल्यांनी तिच्यावर लिहिलं : वायफायचा पासवर्ड?

"मला काय विचारता?" मावशी गरजल्या. "ह्यांनी टाकला होता ना तुमच्यासमोर! तुम्ही भिंतीकडे बघत होतात!"

मावशींचे यजमान, म्हणजे काका, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत कानवाले इथे चारदा येऊन गेले, चारही वेळा लॅपटॉप निमूट जोडला गेला, आणि हा पासवर्ड आता जगात कुठल्याच जिवंत माणसाला माहीत नाही, हा विचार त्यांच्या टाळक्यात एकदाही आला नाही. जिवंत माणसाला माहीत असतो म्हणे! वा रे शहाण्या, असं त्यांनी स्वतःला मनात म्हटलं, आणि पुढे जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

लिहून विचारलं, कुठे लिहून ठेवलाय का? नाही. वायफायच्या डब्याखालची चिठ्ठी? ती चिठ्ठी होती, पण काकांनी आल्या आल्या पासवर्ड बदललेला. "मला म्हणाले होते, असा ठेवलाय की कुणाच्या बापाला सापडायचा नाही," मावशी अभिमानाने म्हणाल्या. कानवाल्यांनी कपाळाला हात लावला. मग सुरू झाला अंदाजांचा तमाशा. मावशींचं नाव, चुकीचं. लग्नाची तारीख, चुकीची. काकांची आयुष्यभर जमिनी मोजायची नोकरी, म्हणून जमिनीची मापं टाकून पाहिली, चुकीची. मावशींचं लाडाचं नाव काय होतं, हे पाटीवर लिहून विचारताना कानवाल्यांचे कान लाल झाले. मावशींनी ते सांगितलं, तेही अशा आवाजात, की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. तेही चुकीचं. अकरा वाजून बावीस मिनिटं.

 मावशी आता घड्याळाकडे बघत फोनवर हात ठेवून बसल्या होत्या. कानवाल्यांना त्या क्षणी वाटलं, आपल्याला कुणीतरी दोन थोबाडीत द्याव्यात. सव्वीस वर्षं लोकांना ऐकायला लावलं आणि जिथे खरोखर ऐकायचं होतं तिथे आपण यादी पुसून आलो. तेही हौसेने.

"ह्यांचा कॉम्प्युटर बघा की," मावशी अचानक म्हणाल्या. "तो कशावर चालायचा मग?"

कानवाले जागच्या जागी गार. अहो, धंदा यांचा, लॅपटॉप यांच्या मांडीवर, आणि सुचलं कुणाला? कोपऱ्यातल्या मेजावर विणलेल्या रुमालाखाली काकांचा जुना लॅपटॉप झाकलेला होता. त्यातही तेच वायफाय जतन असणार, आणि जतन असलेलं उघडून बघता येतं! त्यांनी वायर खुपसली, बटण दाबलं. पंखा घरघरला. पडद्यावर आलं : अद्ययावत होत आहे, कृपया बंद करू नका, चार टक्के.

दोन वर्षं झोपलेल्या यंत्राला आजच सुधारायचं होतं. नऊ टक्के. सतरा टक्के. मावशी पडद्याकडे बघून मोठ्याने आकडे वाचत होत्या आणि कानवाले प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते, दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. एकतीसवर ते तीन मिनिटं अडलं. मग काय मनात आलं कोण जाणे, एकदम शंभर. अकरा वाजून अडतीस मिनिटं. पडदा उजळला. काकांनी त्याला पासवर्ड ठेवला नव्हता, देव त्यांचं भलं करो. कानवाल्यांनी सेटिंग उघडलं, नेटवर्क, त्याचे गुणधर्म, सुरक्षा. तिथे काळ्या ठिपक्यांची एक ओळ होती आणि शेजारी बारीक चौकोन : अक्षरं दाखवा. इतक्या वर्षांचा नियम मोडायला एक क्षण गेला, तेवढाच. त्यांनी चौकोनावर टिचकी मारली.

एक दोन तीन चार पाच सहा सात आठ.

एवढंच. हा पासवर्ड! याच्यासाठी हा माणूस भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून, पहारेकऱ्यासारखा उभा राहिला होता! अंदाज बांधताना त्यांनी काकांचं सगळं आयुष्य पालथं घातलं, आणि पहिल्या इयत्तेतलं पोर जे टाकेल ते सोडून सगळं टाकलं.

हसायला वेळ नव्हता. लॅपटॉप जोडला, सॉफ्टवेअरने आत घेतलं, यंत्राची ओळख पटवली. एरवी हे काम पाऊण तासाचं. बारीक आवाज, जाड आवाज, एकेक पट्टी ऐकवायची, विचारायचं, सरकवायचं. कानवाल्यांनी जुन्या मापावरून सगळ्या पट्ट्या भराभर वर ढकलल्या, इकडची थोडी, तिकडची जास्तच, आणि हात काढला न काढला तोच फोन वाजला.

मावशींनी मान वळवली. त्यांना ऐकू आलं होतं. कानवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

"ताई!" मावशी अशा ओरडल्या की कपाटाची काच थरथरली.

पलीकडून आवाज आला तो चिरका, घोगरा, दमलेला. खोली शांत होती, कानवाल्यांनाही तो ऐकू येत होता. "अगं हळू! घसा गेलाय माझा, कान नाही गेले."

मावशी गप्प झाल्या. इतक्या गप्प, की कानवाल्यांना वाटलं, संपलं, नाही पोचलं. मग मावशी अगदी हळू, कुजबुजल्यासारख्या म्हणाल्या, "बोल ना आणखी." या बाईंना एवढं हळू बोलता येतं हे कानवाल्यांना अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

"काय बोलू? रडू यायला लागतं बोललं की."

"काहीही बोल. समोर काय दिसतंय ते वाच."

"समोर भिंतीवर सूचना लावल्यात."

"त्या वाच."

ताईने वाचल्या. दागिने काढून ठेवावेत. पाणी पिऊ नये. दात काढता येण्यासारखे असल्यास काढून ठेवावेत. नातेवाइकांनी दारात गर्दी करू नये. मावशी डोळे मिटून प्रत्येक सूचनेला "हं" म्हणत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. कागद संपला. "पुन्हा वाच," मावशी म्हणाल्या. दुसऱ्यांदा दातांपर्यंत आल्यावर ताईला हसू फुटलं, खोकला आला, "वेडी आहेस तू, लहानपणापासून वेडी," असं ती म्हणाली. मग मागे कुणीतरी बोललं आणि ताई म्हणाली, "आले गं न्यायला. ठेवते." मावशींनी फोन बऱ्याच वेळाने खाली ठेवला.

कानवाले लॅपटॉपकडे बघत बसले होते. आजवर बसवलेल्या यंत्रांत हे सगळ्यांत वाईट बसवलंय, हे त्यांना पडद्यावर साफ दिसत होतं. बारीक पट्ट्या भलत्याच वर गेल्या होत्या. चमचा पडला तरी मावशींच्या कानात घाव बसल्यासारखा वाजणार होता. त्यांनी घसा खाकरला.

"मावशी, आता निवांत नीट लावून देतो. घाईत सगळं चुकलंय."

"हात लावायचा नाही," मावशी म्हणाल्या. आवाज अजून तसाच हळू होता. "ताई ज्यात ऐकली ते हेच ना? हेच राहू दे."

"अहो, पण कर्कश आहे फार. आणि मध्येच शिट्टी वाजेल."

मावशींनी पदराने तोंड पुसलं.

"वाजू दे," त्या म्हणाल्या, आणि कानवाल्यांनी 'जतन करा' दाबलं.