आबांच्या गुडघ्यांसाठी

आबांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांना वाईजवळच्या एका निसर्गोपचार केंद्रात आठवडाभर न्यायचं मी ठरवलं. आबा फौजेतून निवृत्त झाले, मग साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी करून तिथूनही निवृत्त झाले. त्यांच्या पगारावर आणि आईच्या उसातल्या राबण्यावर मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. एवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं वाटत होतं. आई आली ती आबांची उठबस करायला. येताना तिनं ज्वारीचं पीठसुद्धा बांधून आणलं होतं.

तिथे निवृत्त माणसं अंगाला माती फासून उन्हात बसलेली. आबा म्हणाले, "म्हशी बऱ्या की रं, फुकट लोळत्यात."

जेवणघरात आई आबांच्या खुर्चीमागे उभी राहिली. आमच्याकडे पुरुषांचं झाल्याशिवाय बायका बसत नाहीत.

वाढणारी बाई म्हणाली, "आजी, बसा. गार हुतंय."

"यांचं हू द्या."

"का, आजोबास्नी हात न्हाईत व्हय?"

सगळे हसले. आई ओशाळून बसली. तव्यावरची भाकरी ताटात पडली, तिची वाफ आई नुसती बघत राहिली. आईला गरम भाकरी खाताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

निघायच्या दिवशी मी गाडीत सामान भरत होतो. आई पायरीवरून उठेना.

"आवं, तुमी जावा. मी ऱ्हाते आणखी आठ दिस."

आबांना थट्टा वाटली. "आन घरी?"

"घरी तुमी हायसा की."

"म्हशीची धार?"

"शेजारीण काढतीया की, तिलाच पुढं सांगितलंय. कालच फोन केला."

"गुडघं माझं दुखत्यात!"

"मग माझं काय लाकडाचं हायत?"

मी हादरलोच. म्हशीपायी माहेरीसुद्धा कधी मुक्काम न केलेली ही बाई!

आम्ही दोघंच रहिमतपूरला परतलो. घरी आबा चहा ठेवायला गेले, तर पावडरीचा डबा सापडेना. मी केंद्रात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "आजी मालिशला गेल्यात. तासाभरानं करा."

आबा रिकामं पातेलं घेऊन उभे होते. "काय म्हनली?"

मी सांगितलं. डबा शोधायला पुढे झालो, तर म्हणाले, "थांब." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी कण्हत खाली बसून फडताळातले डबे एकेक उघडायला लागले.