आईची नाडी

दोन हजार सालानंतर मुंबईतल्या जिममध्ये सर्टिफिकेट नसलेल्या ट्रेनरला काढू लागले. माझा धाकटा भाऊ त्यात होता. मालक म्हणाला, परीक्षा पास होऊन ये, जागा ठेवतो. तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या गावी अभ्यासाला आला. मी महाडच्या कारखान्यात हिशेबाला होतो. रविवारी गावी जाऊन त्याला इंग्रजी पुस्तकातला मजकूर मराठीत समजावून सांगायचो.

प्रात्यक्षिकाला माणूस लागे. त्याने आईला पडवीत खुर्चीवर बसवलं.

"मॅडम, कधी छातीत दुखतं का?"

"मॅडम कोण रे? आय हाय मी तुझी."

"परीक्षेत असंच विचारतात. दुखतं का?"

"गुडघा दुखतो. त्याचं नाय विचारत?"

मग तो मनगट धरून नाडी मोजायचा. बहात्तर. पुढच्या रविवारी मी मोजली, तीही बहात्तर. "माझ्यापेक्षा फिट हाय गो तू," तो म्हणायचा आणि आई शेजारणींना ते सांगायची.

रक्तदाबाचा धडा त्याने नुसता पाठ केला. यंत्र नव्हतं. पोलादपूरला दवाखान्यात जाऊन एकदा बघून घेऊ म्हटलं, तर आई म्हणाली, "मला काय झालंय?" आम्हालाही ते पटलं.

परीक्षेला थोडे दिवस असताना ती चुलीपुढेच कलंडली. जीपने महाडला आणली. डॉक्टरांनी विचारलं, बीपी कधी तपासलं होतं? भाऊ म्हणाला, "नाडी बहात्तर होती, साहेब. रोज बघत होतो." डॉक्टर म्हणाले, नाडीवरून बीपी कळत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

आमच्याकडे बापाला थोरला अग्नी देतो, आईला धाकटा. अग्नी देणाऱ्याने तेराव्यापर्यंत घर सोडायचं नाही. परीक्षा नेमकी दहाव्याला येत होती. मी भावकीत म्हटलं, अग्नी मी देतो, याला जाऊ द्या. चुलते म्हणाले, "धाकटा उभा असताना?" त्यांच्याशी मी वाद घातला असता, पण भावानेच मडकं उचललं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळे समोरच्या उंबरावर बसून होते, खाली येईनात. ऊन चढलं. चुलते म्हणाले, "तिचा जीव याच्या परीक्षेत अडकलाय. बोल रे, पुढच्या खेपेला देतो म्हणून. बोलायला काय जातंय?"

"देणार नाय, तर बोलू कसा?"

"आईला एवढं सांगवत नाय तुला?"

"तिला खोटं नाय सांगणार, काका."

मग मीच हात जोडून म्हटलं, आई, मी याला परीक्षेला बसवीन. तरी कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही आंघोळी केल्या.

आईला शब्द दिला होता, म्हणून पुढच्या वर्षी मी फी भरायची तयारी दाखवली. रक्तदाबाचं यंत्रही आणून दिलं. त्याने ते खोक्यातून बाहेर काढलं, पट्टा हातात धरला आणि परत ठेवलं.

"दादा, पास होईन मी. पण कुणाचं मनगट धरून, तुम्ही ठीक हाय, असं आता मला सांगवणार नाय."

मी फार समजावलं. तो ऐकून घेत राहिला. पुढच्या महिन्यात तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर कामाला लागला. अजून तिथेच आहे.