उजवा कौल

आई आजारपणात गेली तेव्हा तिच्या रिपोर्टमधलं एक अक्षर मला कळत नव्हतं. मी कॉमर्सची, रोह्याच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघणारी. ते इतकं जिव्हारी लागलं की सायन्स घेऊन मी पुन्हा बारावीला बसले. बेडकाची आकृती काढताना पाहून मैत्रिणी म्हणायच्या, हिला म्हातारपणी शाळा सुचली. बारावी निघाली. डॉक्टरीची प्रवेश परीक्षा मात्र दोनदा हुकली.

पुन्हा अर्ज भरावा की नाही, मन धजेना. तेव्हा बाबांनी आमच्या गावी, गडबला, ग्रामदेवाला कौल लावला. देवाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लेकीला डॉक्टरीला जागा मिळेल ना, असं गाऱ्हाणं गुरवाने घातलं. उजवी पडली. बाबा कितीतरी वेळ हात जोडून उभे होते. मी भोळी, त्या भरवशावर रजा काढून अभ्यासाला बसले.

जागा मिळाली नाही. प्रवेशाच्या याद्या लागत राहिल्या, माझं नाव कुठेच नव्हतं. मी देवळाची वाट सोडली. हो म्हणून देवाने तोंड फिरवलं याचा राग होता, आणि रागाहून दुःख जास्त.

पुढच्या आषाढात बाबा एका सकाळी लावणी अर्धी टाकून घरी आले, घामाने निथळत. पित्त झालंय म्हणाले, पण डावा हात सारखा चोळत होते. पुस्तकात वाचलेलं सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. मी हायवेवर धावले. पेणहून गणपतीच्या मूर्ती घेऊन नागोठण्याकडे निघालेला टेम्पो थांबला. ड्रायव्हर अनोळखी. माझं बोलणं पुरतं ऐकायच्या आत त्याने गाडी वळवली.

"बाप्पा थांबतील. तुमचे बाबा नाय थांबायचे."

मागे पेंढ्यात बसवलेल्या पांढऱ्या मूर्ती होत्या, डोळ्यांची आखणी अजून व्हायची होती. त्यांच्यामध्ये बाबांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. इतक्या दिवसांनी देवापुढे होते आणि काय मागावं ते सुचेना. तू बघ, एवढंच म्हटलं.

वेळेत आणलंत, असं पेणचे डॉक्टर म्हणाले. तो ड्रायव्हर पुन्हा भेटला नाही. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझा हात धरला.

"गुरवानं सीटचं गाऱ्हाणं घातलं गो. मी मनात येगळंच इचारलं. पोर माज्याजवळ ऱ्हाईल ना, एवढंच."

ते रडत होते. मला राग यायला हवा होता. मी त्यांची चादर सारखी केली.

वॉर्डात माझ्याच वयाची एक डॉक्टर मुलगी फिरत होती. तिच्या गळ्यातला स्टेथोस्कोप आठवला की आजही आत कळ उठते, आणि ती जाईल असं वाटत नाही. पण बाबा रोज समोर जेवायला बसतात, तेव्हा देवाने कुणाचं ऐकलं हे विचारायचं धाडस होत नाही.

परवा देवळात गेले. काय गाऱ्हाणं घालू, गुरवाने विचारलं.

"काय नको," मी म्हटलं. "नुसती उभी ऱ्हाते."